दुकान मुलुंडला, व्ह्यूज भलतीकडे: घरच्या धंद्याचा व्हिडिओ नेमका अडतो कुठे?

समजा, तुमची आई मुलुंड पूर्वेला घरून पुरणपोळी, मोदक आणि दिवाळीचा फराळ विकते. सोसायटीत, आजूबाजूच्या चार इमारतींत तिचं नाव आहे. मग एक दिवस कुणीतरी सुचवतं, "अगं, पोरगं एवढं मोबाइलमध्ये असतं ना, त्याला सांग एक रील टाकायला." तुम्ही ट्रेंडिंग गाणं लावून पुरणपोळी तव्यावर फुगतानाचं रील टाकता. दोन दिवसांत ४० हजार व्ह्यूज! घरात आनंदीआनंद. आठवड्याने हिशोब केला तर ऑर्डरी आल्या दोन. कमेंटमध्ये विचारणा मात्र भरपूर: "दिल्ली में डिलिव्हरी होगी क्या?"

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत कुठल्याही छोट्या धंदेवाल्याला विचारा, थोड्याफार फरकाने हीच गोष्ट ऐकायला मिळेल. शिवणकाम, क्लास, पार्लर, मोबाइल रिपेअरिंग, केक, पोळी-भाजी केंद्र... "व्हिडिओ टाका" हा सल्ला सगळ्यांना मिळतो आणि ते काम येऊन पडतं घरातल्या विशीतल्या मुलावर नाहीतर मुलीवर. म्हणजे बहुतेक तुमच्यावरच.

अडचण विचारली की पहिलं उत्तर येतं, "चांगला कॅमेरा नाही." तुमच्या खिशातला फोन या कामाला पुरेसा आहे. खरी गाडी अडते ती दुसरीकडे: व्हिडिओ कुणासाठी बनवतोय हेच ठरलेलं नसतं. ते एकदा ठरलं की बाकीच्या अडचणी बऱ्याच आटोक्यात येतात. कशा, ते एकेक करून बघू.

ॲपला काय हवंय आणि दुकानाला काय हवंय

थोडं मागे जाऊ. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि व्हिडिओ बघणं रोजचं झालं. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणलं आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी भारतातच सुरू केली. तो लॉकडाऊनचा काळ होता. अनेकांच्या नोकऱ्या गेलेल्या, घरोघरी किचन सुरू झालेली. त्यामुळे छोटा धंदा आणि छोटा व्हिडिओ यांची जोडी आपल्याकडे एकाच वेळी जमली.

पण ही ॲप्स चालतात कशी? तुमचा व्हिडिओ आधी थोड्या लोकांना दाखवला जातो. ते थांबले, शेवटपर्यंत बघितलं, कुणाला पाठवलं, तर तो आणखी लोकांना दाखवला जातो. बघणारा मुलुंडचा आहे की मेरठचा, याने ॲपला फारसा फरक पडत नाही. माणूस स्क्रीनवर थांबला, ॲपचं काम झालं. तुमच्या आईचं काम मात्र तेव्हा होतं, जेव्हा माणूस येऊन पोळ्या घेऊन जातो.

यावर कुणीतरी नागपूरच्या डॉली चायवाल्याचं नाव घेईल. फेब्रुवारी २०२४ मध्ये बिल गेट्सने त्याच्याकडे चहा घेतल्याचा व्हिडिओ टाकला आणि डॉली जगभर पोचला. खरं आहे. पण त्याच्या बाबतीत लोक चहापेक्षा त्याची चहा देण्याची स्टाइल बघत होते. तो माणूस स्वतःच एक शो आहे. तुमच्या आईला शो करायचा नाही, तिला गणपतीत रोज शंभर मोदकांची ऑर्डर हवी आहे. त्यासाठी ४० हजार अनोळखी लोकांची गरज नाही. रिक्षाने येऊ शकतील असे चारशे लोक पुरे.

"मला नाही बाई कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं"

पहिली अडचण इथेच येते. धंदा जिचा आहे, तीच समोर यायला तयार नसते. "माझं बोलणं गावाकडचं आहे", "मी जाड दिसते", "सोसायटीतले काय म्हणतील?" यावर तुम्ही चिडता, ती गप्प होते आणि विषय संपतो.

इथे "आपली आजी" हे चॅनेल आठवा. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजी आणि त्यांचा नातू यश पाठक यांनी २०२० मध्ये ते सुरू केलं. आजींनाही सुरुवातीला कॅमेऱ्याचा संकोच वाटायचा. त्यांनी भाषा बदलली नाही, चेहऱ्यावर खोटं हसू आणलं नाही. रोज जसं बोलतात तसंच बोलल्या आणि त्याच बोलण्यासाठी लाखो लोकांनी चॅनेल सबस्क्राइब केलं.

तुमच्या घरी हे कसं जमवायचं? तीन साध्या युक्त्या:

१. सुरुवातीला फक्त हात दाखवा. पुरण वाटणारे, कापड कापणारे, मोबाइलचा डिस्प्ले उचलणारे हात. चेहरा दाखवलाच पाहिजे असा कुठलाही नियम नाही.

२. स्क्रिप्ट देऊ नका, प्रश्न विचारा. "आई, पोळी फाटू नये म्हणून तू काय करतेस?" असं विचारलं की ती कॅमेरा विसरून तुमच्याशी बोलायला लागते. नंतर तुमचा प्रश्न कापून टाका.

३. पहिले पाच व्हिडिओ कुठेही टाकू नका. फक्त शूट करा आणि तिलाच दाखवा. स्वतःचा आवाज ऐकायची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो.

आणि भाषा? घाटकोपरला दुकान असेल तर गुजराती गिऱ्हाईक, अंधेरीला असेल तर हिंदी. म्हणून काही जण अडखळत हिंदीत व्हिडिओ करतात. त्यापेक्षा बोलणं आपल्या सवयीच्या मराठीत ठेवा आणि स्क्रीनवर एक ओळ हिंदीत किंवा गुजरातीत द्या. ॲप आपोआप सबटायटल देतं तेव्हा मराठीत चुका होतात, त्यामुळे टाकण्याआधी एकदा वाचा. "पुरण"चं "पुराण" झालं तर लोक भलत्याच कारणासाठी शेअर करतील.

दहा बाय दहाचं किचन, डोक्यावर विमान

दुसरी अडचण जागेची आणि आवाजाची. अंधेरी-मरोळ-साकीनाक्याला विमानं, स्टेशनजवळ लोकल, चाळीत शेजाऱ्यांचा टीव्ही, घरात मिक्सर आणि कुकरची शिट्टी. स्टुडिओ भाड्याने घेणं परवडत नाही.

आवाजाचा उपाय सोपा आहे: चित्र आणि आवाज वेगळे करा. व्हिडिओ दिवसा काढा. बोलणं रात्री उशिरा किंवा पहाटे फोनच्या रेकॉर्डरवर घ्या. उघड्या कपड्यांच्या कपाटासमोर उभं राहून रेकॉर्ड केलं तर आवाज घुमत नाही, कारण कपडे तो शोषून घेतात. साधा वायरचा कॉलर माइक काही शे रुपयांत मिळतो आणि नव्या फोनपेक्षा त्याने जास्त फरक पडतो. लोक थोडं अंधुक चित्र चालवून घेतात, पण आवाज नीट ऐकू आला नाही तर लगेच पुढे सरकतात.

उजेडाची एक तक्रार नेहमीची: "व्हिडिओत काळे पट्टे सरकतायत." यात फोन बिघडलेला नसतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे काही ट्यूब आणि एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण फोन सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेम घेत असतो. दोघांचा ताल जुळत नाही आणि पट्टे दिसतात. उपाय: अँड्रॉइडमध्ये प्रो व्हिडिओ मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे जाऊन "पाल फॉरमॅट" चालू करा आणि २५ फ्रेमवर शूट करा. हे काहीच नसेल तर ट्यूब बंद करा आणि खिडकीजवळ शूट करा.

शूटिंगआधी आणखी तीन गोष्टी: लेन्स पुसा (किचनमध्ये त्यावर तेलाचा थर बसतोच), सेल्फीऐवजी मागचा कॅमेरा वापरा आणि स्क्रीनवर बोट दाबून फोकस लॉक करा, म्हणजे हात हलला तरी चित्र उजळ-मंद होत राहणार नाही.

बाहेर शूट करणार असाल तर जरा जपून. रेल्वे स्टेशनवर व्यावसायिक शूटिंगला रेल्वेची परवानगी लागते. ड्रोनचा विचार तर अंधेरी-घाटकोपरमध्ये सोडूनच द्या. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाभोवतीचा पट्टा रेड झोन असतो आणि तिथे सरकारी परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही.

जागा आणि पैसा नसतानाही काम होतं, याचं या शहरातलं सगळ्यात जुनं उदाहरण दादासाहेब फाळक्यांचं. १९१२ मध्ये त्यांना सिनेमासाठी भांडवल हवं होतं आणि कुणी विश्वास ठेवत नव्हतं. मग त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, कॅमेऱ्याने तो कसा उगवतो आणि वाढतो ते महिनाभर थोडं थोडं टिपलं आणि ती छोटी फिल्म लोकांना दाखवली. "अंकुराची वाढ" हे तिचं नाव. घरी बनवलेला तो टाइमलॅप्सच होता आणि त्यातून भांडवल उभं राहिलं. पुढच्याच वर्षी "राजा हरिश्चंद्र" आला. आज अंधेरी आणि बोरिवलीच्या मधे, गोरेगावला त्यांच्या नावाची चित्रनगरी आहे. टाइमलॅप्स तर आता प्रत्येक फोनमध्ये असतो: पीठ फुगताना, ब्लाउज शिवून होताना, तुटलेला फोन चालू होताना. तुम्हाला खरंच काम येतं याचा हा सगळ्यात साधा पुरावा.

गाणं कुणाचं?

ही अडचण सुरुवातीला दिसत नाही आणि नंतर महागात पडते. ट्रेंडिंग गाणं लावलं की रील चालतं असं सगळे सांगतात. पण इन्स्टाग्रामवर बिझनेस अकाउंट केलं की बरीचशी फिल्मी गाणी दिसेनाशी होतात. ते बिघाडामुळे होत नाही. संगीत कंपन्यांशी मेटाचे जे करार आहेत ते लोकांच्या वैयक्तिक वापरासाठी आहेत, जाहिरातीसाठी नाहीत.

मग बरेच जण शक्कल लढवतात: अकाउंट पर्सनल ठेवायचं आणि त्यावरून धंद्याचं रील टाकायचं. गाणं दिसतंही. पण ॲपमध्ये गाणं दिसलं म्हणजे धंद्यासाठी वापरायची परवानगी मिळाली असं होत नाही. २०२५ मध्ये सोनी म्युझिकने मिंत्रावर मुंबई उच्च न्यायालयात दावा केला तो याच मुद्द्यावर, प्रमोशनच्या व्हिडिओंत परवानगीशिवाय गाणी वापरल्याचा. तुमच्या पुरणपोळीवर लगेच कुणी कोर्टात जाईल असं नाही. पण आवाज म्यूट होणं, रील काढलं जाणं, अकाउंटवर मर्यादा येणं हे होऊ शकतं, आणि तेही ऐन दिवाळीच्या आठवड्यात.

सुरक्षित काय? मेटाचं साउंड कलेक्शन आणि यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी, पण यूट्यूबच्या ट्रॅकवर नाव द्यायची अट आहे का ते बघून घ्या. आरती किंवा पारंपरिक गाणं हवं असेल तर लक्षात ठेवा: शब्द आणि चाल जुनी असली तरी त्याच्या रेकॉर्डिंगवर हक्क असतो आणि भारतात तो ६० वर्षं टिकतो. घरी स्वतः म्हणून रेकॉर्ड केलेल्या पारंपरिक आरतीची अडचण येत नाही. आणि खरं सांगायचं तर, तव्यावर तूप पडल्याचा आवाज कुठल्याही ट्रेंडिंग गाण्यापेक्षा पुरणपोळी जास्त विकतो.

एडिटिंग ॲपचंही तेच. कॅपकटवर भारतात बंदी आहे, म्हणून टेलिग्रामवरून त्याची "मॉडेड" एपीके फाइल घेणारे खूप आहेत. त्या फाइलमध्ये आणखी काय भरलंय ते तुम्हाला कळत नाही, आणि त्याच फोनवर आईचं यूपीआय असतं. व्हीएन, इनशॉट, इन्स्टाग्रामचं एडिट्स, यूट्यूब क्रिएट, यांपैकी कुठलंही एक शिका. कापणं, जोडणं, अक्षरं टाकणं, एवढंच तर हवंय.

एआयने केलं तर?

"आवाजाची लाज वाटते तर एआयचा आवाज लावू", हा आता सहज सुचणारा मार्ग आहे. चालेल, पण नियम बदललेत. फेब्रुवारी २०२६ मध्ये केंद्राने आयटी नियमांत दुरुस्ती केली. खऱ्यासारखं भासणारं, एआयने बनवलेलं चित्र, आवाज किंवा व्हिडिओ असेल तर त्यावर तसं लेबल हवं आणि मोठ्या प्लॅटफॉर्मनी टाकणाऱ्याला ते विचारायला हवं. रंग सुधारणं, मागचा आवाज कमी करणं असं नेहमीचं एडिटिंग यात धरलेलं नाही. म्हणजे मिक्सरची घरघर एआयने काढली तर काळजी नको. पण न बनवलेल्या पदार्थाचा एआय व्हिडिओ "आमचे मोदक" म्हणून टाकलात, तर लेबलचा प्रश्न बाजूलाच राहिला, ती गिऱ्हाइकाची सरळ फसवणूक आहे. ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाईची तरतूद आहे.

प्रसिद्ध गायकाचा किंवा नटाचा आवाज एआयने काढून "माझ्या दुकानात या" असं वदवून घेणं तर टाळाच. अरिजीत सिंग २०२४ मध्ये आणि आशा भोसले २०२५ मध्ये याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि दोघांनाही कोर्टाने संरक्षण दिलं.

पूर्व की पश्चिम?

आता खरा मुद्दा. व्हिडिओ बघून माणूस थांबला, त्याला आवडलं. पुढे काय? बहुतेक रील इथे येऊन संपतात. पत्ता नाही, भाव नाही, "डीएम फॉर प्राइस" तेवढं लिहिलेलं. उपनगरातला माणूस पहिला प्रश्न काय विचारतो? "पूर्वेला की पश्चिमेला?" रेल्वेचा पूल ओलांडावा लागणार असेल तर अर्धे लोक तिथेच विचार बदलतात. म्हणून पहिल्या तीन सेकंदांत स्क्रीनवर अक्षरांत लिहा: "मुलुंड पूर्व, स्टेशनपासून सात मिनिटं." मेरठचा माणूस पुढे जाईल. जाऊ द्या. मुलुंडचा थांबेल.

हेच शब्द कॅप्शनमध्येही टाका. जुलै २०२५ पासून इन्स्टाग्रामच्या पब्लिक प्रोफेशनल अकाउंटवरच्या पोस्ट गूगलसारख्या सर्च इंजिनमध्ये दिसू शकतात. "पुरणपोळी मुलुंड पूर्व" असं कुणी शोधलं तर ते शब्द तुमच्याकडे लिहिलेले असायला हवेत. नुसते "#फूडी #मुंबई" लिहून भागत नाही.

दुसरी फुकटची जागा म्हणजे गूगल बिझनेस प्रोफाइल. मॅपवर दुकान शोधणारा माणूस आधीच निघायच्या तयारीत असतो. तिथे ३० सेकंदांपर्यंतचा व्हिडिओ टाकता येतो. स्टेशनपासून दुकानापर्यंतची वाट दाखवणारा एक व्हिडिओ तिथे टाका. त्याला शंभर व्ह्यूज आले तरी ते कामाचे.

तिसरी जागा व्हॉट्सॲप. आईच्या फोनमध्ये ज्यांनी पूर्वी ऑर्डर दिली आहे अशांचे नंबर आहेत. स्टेटसवर टाकलेला व्हिडिओ तेच लोक बघतात. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कॅटलॉग बनवता येतो, त्यात भाव लिहा. भाव विचारायला लाजून निघून जाणारी माणसं आपल्याकडे खूप आहेत.

पैसे घालून पोस्ट बूस्ट करणार असाल तर नकाशावर वर्तुळ काढून जवळच्यांनाच दाखवता येतं. पण इथे मुंबईचा भूगोल आड येतो. बोरिवलीभोवती १५ किलोमीटरचं वर्तुळ काढलंत तर त्यात मुलुंडही येतं. नकाशावर जवळ, पण मधे अख्खं राष्ट्रीय उद्यान आहे. लोकलने जायचं तर दादरला गाडी बदला, रस्त्याने जायचं तर वळसा घाला. केक आणायला कुणी येत नाही. उलट घाटकोपर आणि अंधेरी २०१४ पासून मेट्रोने जोडलेत, तिथे थोडं मोठं वर्तुळ चालेल. ॲपला अंतर कळतं, गर्दी आणि गाडी बदलणं कळत नाही. ते तुम्हाला कळतं, म्हणून वर्तुळ तुम्हीच काढा. आणखी एक: आयफोनच्या ॲपमधून बूस्ट केलं की अ‍ॅपलचं शुल्क वर लागतं. ब्राउझरमधून केलं तर ते वाचतं.

एखाद्या फूड ब्लॉगरला पैसे देऊन बोलवायचं ठरलं तर आधी त्याच्याकडून प्रेक्षक कुठल्या शहरातले आहेत त्याचा स्क्रीनशॉट मागा. फॉलोअर्सचा आकडा नंतर बघा. आणि पैसे किंवा फुकट जेवण दिलं असेल तर व्हिडिओत ते स्पष्ट लिहायला सांगा. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने काढलेली मार्गदर्शक तत्त्वं तेच सांगतात.

अकाउंट कुणाच्या नावावर?

या अडचणीबद्दल कुणी बोलत नाही. धंदा आईचा, पण अकाउंट तुमच्या कॉलेजच्या ईमेलवर, पासवर्ड तुमच्या मित्राला माहीत, नंबर जुन्या सिमचा. नाहीतर सगळंच "सोशल मीडिया बघतो" म्हणणाऱ्या एखाद्याच्या हातात. उद्या तुम्ही नोकरीला पुण्याला गेलात किंवा त्याच्याशी पैशांवरून बिनसलं, तर तीन वर्षांत जमवलेलं गिऱ्हाईक एका रात्रीत हातचं जातं.

आणि हॅकिंग. "आपली आजी" चॅनेल ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक झालं होतं. काही दिवसांनी परत मिळालं, पण ते दिवस आजी आणि नातवाचे कसे गेले असतील याचा विचार करा. आजकाल "तुमच्या अकाउंटवर कॉपीराइटची तक्रार आहे, २४ तासांत या लिंकवर अपील करा" असा मेसेज येतो. गाण्याची भीती मनात असतेच, म्हणून माणूस घाबरून पासवर्ड देऊन बसतो. खरी नोटीस ॲपच्या आत, अकाउंट स्टेटसमध्ये दिसते, डीएममध्ये येत नाही.

आज रात्री एवढं करा: धंद्यासाठी वेगळा ईमेल, आईच्या चालू नंबरवर, टू-फॅक्टर सुरू, बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात. फसवणूक होऊन पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन.

रोज रील टाकायची गरज आहे का?

शेवटची अडचण तुमच्या वेळेची. क्लास, परीक्षा, नोकरी, लोकलचा प्रवास आणि वर रोज एक रील. दोन आठवड्यांत उत्साह संपतो, घरात भांडण होतं. रोज टाकायचा हट्ट ज्याला ॲपवर प्रसिद्ध व्हायचंय त्याने धरावा. छोट्या धंद्याला आधी तीनच व्हिडिओ नीट हवेत:

- आम्ही कुठे आहोत आणि कसं यायचं.
- आम्ही काम कसं करतो (फाळक्यांच्या वाटाण्यासारखं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत).
- गिऱ्हाईक सगळ्यात जास्त वेळा विचारतं त्या प्रश्नाचं उत्तर.

हे तीन व्हिडिओ प्रोफाइलवर पिन करा. मग महिन्यातून एका रविवारी दोन तास बसून चार छोटे व्हिडिओ काढून ठेवा आणि आठवड्याला एक टाका. सणाच्या ऑर्डरी लोक आधी ठरवतात, तेव्हा गणपतीचा व्हिडिओ गणपती बसल्यावर टाकून उपयोग नाही. तीन आठवडे आधी हवा.

आणि मोजायचं काय? इन्स्टाग्राम तुम्हाला बघणारे कुठल्या शहरातले ते सांगतं, पण त्याच्या लेखी बोरिवली, अंधेरी, मुलुंड हे सगळं "मुंबई"च. त्यापेक्षा चांगलं मोजमाप घरातच आहे. ऑर्डरच्या वहीत एक रकाना वाढवा: "कुठे बघितलं?" फोन करणाऱ्या प्रत्येकाला आई एवढंच विचारेल. दोन महिन्यांनी वही उघडा. कदाचित कळेल की ४० हजारवाल्या रीलवरून दोन जण आले आणि वाट दाखवणाऱ्या साध्या व्हिडिओवरून अकरा.

मग पहिला व्हिडिओ कशाचा करायचा? फोन हातात घ्यायच्या आधी आईला एवढंच विचारा, "तुला लोक फोनवर सारखं सारखं काय विचारतात गं?" ती सांगायला लागली की रेकॉर्डिंग सुरू करा.